खोलीतला संवाद-प्रसंग शूट करताना: सिनेमॅटोग्राफीच्या विद्यार्थ्यांसाठी पायरीवार पद्धत

सिनेमॅटोग्राफी शिकणाऱ्यांची सराव-शूट्स पाहिली की एक चूक जवळपास सगळीकडे दिसते. कॅमेरा सगळ्यात आधी लागतो. ट्रायपॉड उभा राहतो, लेन्स चढते, फ्रेम मनासारखी होते आणि मग त्या फ्रेमसाठी प्रकाश शोधायची धावपळ सुरू होते. तोवर खिडकीतलं ऊन सरकलेलं असतं. वाइडमध्ये (लांबून सगळं दाखवणाऱ्या शॉटमध्ये) उजवा गाल उजळ, क्लोजअपमध्ये डावा. एडिटवर बसल्यावर हे लक्षात येतं, पण तेव्हा नट घरी गेलेले असतात.

ही चूक हुशारी कमी पडते म्हणून होत नाही, कामाचा क्रम चुकतो म्हणून होते. म्हणून इथे एकच सराव धरला आहे: दोन माणसं, एक खोली, एक खिडकी, दोन मिनिटांचा संवाद आणि पाच-सहा शॉट. लगेच शॉर्टफिल्म करायला घेऊ नका. शॉर्टफिल्ममध्ये कथा, नट, लोकेशन, जेवण यांतच सगळ्यांची शक्ती जाते आणि प्रकाशाकडे शांतपणे बघायला कुणाला वेळ राहत नाही. हा छोटा प्रसंग त्याच खोलीत, वेगवेगळ्या वेळी, पुन्हा पुन्हा करा. हात त्यानेच बसतो.

## तयारी: सामान

कॅमेरा कोणताही चालेल. अट एवढीच की शटर, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (रंगाचा समतोल) आणि फोकस हाताने ठरवून लॉक करता आला पाहिजे. कॅमेरा नसेल तर फोनवर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप टाका, त्यात हे सगळं लॉक होतं. बाकी सामान असं:

- ट्रायपॉड, मेजरिंग टेप, कागदी चिकटपट्टी, वही
- १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड (एक्सपोजर मोजायला लागणारं ठरावीक राखाडी रंगाचं कार्ड)
- थर्माकोलच्या दोन जाड शीट, प्रत्येकीच्या एका बाजूला काळा कागद चिकटवलेला
- दोन काळ्या चादरी किंवा जाड काळं कापड
- ट्रेसिंग पेपरचा रोल आणि कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे (प्लॅस्टिकचे चिमटे तापलेल्या लाइटजवळ वितळतात)
- मंद-तेज करता येणारा एक एलईडी लाइट, ६० ते १०० वॅटचा, स्टँडसह
- दोन वेगळ्या हार्ड ड्राइव्ह

महागडी लेन्स भाड्याने आणण्याआधी थर्माकोल आणि काळं कापड घ्या. या सरावात चित्रात सगळ्यात मोठा फरक त्यांनीच पडतो.

## १. रेकी: खोली आधी वाचून काढा

रेकी म्हणजे शूटआधी जागेची पाहणी. शूट सकाळी दहाला असेल तर रेकीलाही सकाळी दहाच्या आसपासच जा. संध्याकाळी जाऊन ‘खोली मस्त आहे’ म्हणून परत येण्याला रेकी म्हणत नाहीत.

फोनमधलं होकायंत्र उघडा आणि खिडकी कोणत्या दिशेला आहे ते लिहा. परदेशी पुस्तकांत वाचलेलं असतं की उत्तरेच्या खिडकीत कधीच थेट ऊन येत नाही. आपल्याकडे हे बाराही महिने खरं नाही. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जूनमध्ये तर तो दिवसभर उत्तरेच्याच बाजूला असतो. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतून सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन आत शिरतं. डिसेंबरात उलट होतं. दुपारी सूर्य जेमतेम ४८ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या सात फूट उंच चौकटीतून ऊन खोलीत सहा फुटांपर्यंत येतं, मध्ये छज्जा नसेल तर. म्हणजे मे महिन्यात केलेली रेकी डिसेंबरच्या शूटला उपयोगाची नाही.

शक्य असेल तर एक पूर्ण दिवस त्या खोलीत काढा. एका ठरावीक जागेवरून, त्याच उंचीवरून, दर तासाला फोटो घ्या. फोनचं एक्सपोजर पहिल्याच फोटोला लॉक करा, नाहीतर फोन दरवेळी उजेड सारखा करून टाकेल आणि फरक दिसणारच नाही.

मग खिडकीबाहेर बघा. समोरची इमारत पिवळी असेल तर तिच्यावरून येणारा प्रकाश पिवळा असतो, दाट झाडी असेल तर हिरवट. चाळीत खिडकी गॅलरीत उघडते, तिथून माणूस गेला की नटाच्या चेहऱ्यावरून सावली सरकते. कोकणातल्या कौलारू घरात काचेचं कौल असलं तर त्यातून उन्हाचा कडक पट्टा येतो आणि दर काही मिनिटांनी जागा बदलतो. आतल्या भिंतींचा रंगही लिहून ठेवा. गुलाबी किंवा पोपटी डिस्टेंपरच्या भिंतीवरून परतणारा प्रकाश गालावर तोच रंग घेऊन येतो.

खोली मापा. कॅमेरा किती मागे जाऊ शकतो त्यावर लेन्स ठरते, आणि हे घरी बसून गणिताने काढता येतं. फ्रेमची रुंदी म्हणजे सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा). फुल फ्रेमचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे ५० मिमी लेन्सने तीन मीटरवर २.१६ मीटर रुंद फ्रेम मिळते. एपीएस-सी या त्याहून लहान सेन्सरवर त्याच लेन्सने साधारण १.४ मीटर. दहा बाय बाराच्या खोलीत दोघांचा वाइड ५० मिमीवर बसेल की नाही, हे तिथे भिंतीला पाठ लावून कळण्यात अर्थ नाही.

सावधान: वीज. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला जास्तीत जास्त १३८० वॅट निघतात, आणि वायरिंग जुनं असेल तर हजाराच्या पुढे जाऊ नका. एलईडीला अडचण नाही. पण कुणी हजार वॅटचे दोन टंगस्टन (जुन्या पद्धतीचे, तापणारे लाइट) आणले आणि एकाच बोर्डवर लावले, तर एमसीबी पडेल किंवा वायर तापेल. एक्स्टेन्शनची वायर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळी तशीच ठेवली तर आतून गरम होते. जुन्या वाड्यात काम करत असाल तर आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

## २. कागदावर ठरवा: प्रकाश आधी, शॉट नंतर

खोलीचा वरून दिसणारा नकाशा काढा. खिडकी, दार, बसायच्या जागा. मग तीन प्रश्नांची उत्तरं लिहा, एकेका ओळीत.

प्रकाश कुठून येतो? दिवसाचा प्रसंग असेल तर उत्तर बहुधा खिडकी हेच असेल. तो कडक आहे की मऊ? आणि चेहऱ्याच्या उजळ व काळोख्या बाजूंत किती फरक हवा? हा फरक स्टॉपमध्ये लिहा. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा झाला की एक स्टॉपचा फरक पडतो. एक स्टॉप म्हणजे २:१, दोन स्टॉप म्हणजे ४:१, तीन म्हणजे ८:१. हलकाफुलका संवाद असेल तर एक स्टॉप, भांडण किंवा दडपण असेल तर दोन ते तीन. ‘मूडी लाइट हवा’ या वाक्यावरून मदतनीसाला काहीच करता येत नाही, ‘डावी बाजू दोन स्टॉप खाली’ म्हटलं की करता येतं.

आता दोघांमधली अक्षरेषा (एका नटापासून दुसऱ्यापर्यंतची काल्पनिक रेषा) आखा आणि सगळे कॅमेरे तिच्या एकाच बाजूला ठेवा. बाजू निवडताना नियम सोपा आहे. खिडकी रेषेच्या ज्या बाजूला आहे, त्याच्या विरुद्ध बाजूला कॅमेरा. म्हणजे कॅमेऱ्याकडे चेहऱ्याची सावलीची बाजू येते, नाक-गालाला आकार मिळतो. खिडकीकडे पाठ करून उभे राहिलात तर सगळे चेहरे सपाट होतात आणि मग ‘लेन्स चांगली नाही’ असं वाटायला लागतं.

तपासा: नकाशावर प्रत्येक शॉटला क्रमांक, लेन्स, कॅमेऱ्याची उंची आणि प्रकाशाची बाजू लिहिली आहे का? एकही रकाना रिकामा असेल तर शूटची तारीख नक्की करू नका.

## ३. कॅमेरा लॉक करा

२५ फ्रेमवर शटर १/५०. २४ फ्रेमवरही १/५०च ठेवा, शटर अँगल असेल तर १७२.८ अंश. कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे घरातले दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात आणि १/५० त्याच्याशी जुळतं. १/६० किंवा १/१२५ ठेवलंत तर भिंतीवर पट्टे सरकताना दिसतील. मंद केलेले स्वस्त एलईडी बल्ब मात्र १/५० वरही लुकलुकू शकतात, म्हणून फ्रेममधला प्रत्येक दिवा आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून मोठ्या पडद्यावर पाहा.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. खिडकीच्या प्रकाशाला ५६०० केल्विनपासून सुरुवात करा आणि संपूर्ण प्रसंगभर तोच आकडा ठेवा.

लॉगची (नंतर रंग सुधारण्यासाठी मुद्दाम फिकट, सपाट चित्र रेकॉर्ड करणाऱ्या प्रोफाइलची) घाई नको. कॅमेरा ८ बिटच रेकॉर्ड करत असेल तर लॉगमधल्या सपाट भिंतीवर ग्रेडिंगमध्ये (नंतर रंग-उजेड सुधारताना) पट्टे उमटतात. पहिल्या काही फेऱ्या साध्या प्रोफाइलवर करा. १० बिट असेल आणि लॉग वापरायचाच असेल, तर त्या लॉगचं ग्रे कार्ड किती टक्क्यांवर बसतं ते पाठ करा. सोनीच्या एस-लॉग ३ मध्ये ते ४१ टक्के आहे.

## ४. ब्लॉकिंग: नटांना आधी चालू द्या

लाइट लावण्याआधी दोघांना संवाद म्हणत पूर्ण प्रसंग करू द्या. कोण कधी उठतं, कुठे थांबतं, पेला कुठे ठेवतं ते बघा. थांबण्याच्या प्रत्येक जागी जमिनीवर चिकटपट्टीचा इंग्रजी टी काढा, प्रत्येक नटाला वेगळा रंग. यानंतर नट चहा प्यायला जातील आणि त्यांच्या जागी मदतनीस उभे राहतील. उंची आणि त्वचेचा रंग जवळपास जुळणारे मदतनीस निवडा, नाहीतर मोजलेलं सगळं नट परत आल्यावर बदलेल.

## ५. प्रकाश: आधी काढा, मग घाला

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ मागते आणि सगळ्यात कमी वेळ हिलाच मिळतो. शूटच्या वेळेतला निम्मा वेळ इथे गेला तरी चालेल.

पहिलं काम: खोलीतले सगळे दिवे बंद. विशेषतः ट्यूबलाइट. तिचा साधारण ६५०० केल्विनचा, बऱ्याचदा हिरवट प्रकाश वरून सरळ डोक्यावर पडतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या करतो आणि खिडकीच्या प्रकाशाशी भांडतो. ‘असू दे, थोडा उजेड मिळेल’ असं कुणी म्हणेल. ऐकू नका.

दुसरं: फक्त खिडकीच्या प्रकाशात चेहरा बघा. बहुतेक घरांत आढळणारी अडचण अशी की पांढऱ्या भिंती आणि फरशीवरून उजेड सगळीकडे परततो आणि सावलीची बाजू हवी तेवढी पडत नाही. इथे नवखा माणूस आणखी एक लाइट लावतो. तुम्ही काळं कापड लावा. नटाच्या सावलीच्या बाजूला, फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत, थर्माकोलची काळी बाजू उभी करा. फरशी चकचकीत असेल तर तिच्यावरही काळी चादर अंथरा. एक स्टॉपचा फरक दोनवर कसा जातो ते डोळ्यांसमोर दिसेल.

तिसरं: सावली जास्त झाली तर तीच शीट उलटी करा. पांढरी बाजू जवळ-लांब करून फिल (सावलीत भरला जाणारा प्रकाश) ठरवा. थर्माकोल खालून वर तोंड करून ठेवू नका, हनुवटीखालून येणारा प्रकाश अनैसर्गिक दिसतो. डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडा वर ठेवा.

चौथं: खिडकीतला प्रकाश फार कडक असेल तर चौकटीवर ट्रेसिंग पेपर लावा. फ्रेममध्ये खिडकी दिसत असेल तर पेपरऐवजी पांढरा पातळ पडदा.

आणि सगळ्यात शेवटी एलईडी, तोही गरज असेल तर. तो खिडकीच्या दिशेनेच आला पाहिजे, म्हणजे प्रेक्षकाला तो खिडकीचाच वाटेल. थर्माकोलवर मारून परतवलेला किंवा ट्रेसिंग पेपरमधून गाळलेला. छोटा लाइट चेहऱ्याजवळ ठेवला तर नट अर्धं पाऊल हलला तरी उजेड बदलतो. एक मीटरवरचा लाइट दोन मीटरवर नेला की प्रकाश चौथा हिस्सा उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी. म्हणून नट चालणार असेल तर लाइट लांब आणि तेज, बसलेला असेल तर जवळ आणि मंद.

तपासा: एकेक लाइट आणि एकेक शीट क्षणभर काढून बघा. काढल्याने चित्रात काही फरक पडत नसेल तर ती परत लावू नका.

## ६. एक्सपोजर: चेहरा ठरवतो

नटाच्या चेहऱ्याजवळ ग्रे कार्ड धरा, खिडकीकडे अर्धवट वळवून, आणि वेव्हफॉर्म (चित्रातला उजेड टक्क्यांत दाखवणारा आलेख) किंवा झेब्रा (ठरावीक उजेडाच्या भागावर दिसणारे पट्टे) बघून ॲपर्चर (लेन्सचं कमीजास्त उघडणारं छिद्र) ठरवा. नुसत्या मॉनिटरवर विश्वास टाकू नका. अंधाऱ्या खोलीत मॉनिटर उजळ भासतो आणि चित्र काळोखं येतं, गॅलरीत उलट होतं.

अनेक ट्युटोरियलमध्ये ‘त्वचा ७० टक्क्यांवर ठेवा’ असं सांगतात. तो आकडा गोऱ्या त्वचेसाठी आहे. साध्या प्रोफाइलवर गव्हाळ चेहऱ्याची उजळ बाजू साधारण ५० ते ६० वर, सावळ्या चेहऱ्याची ४० ते ५० वर ठेवून सुरुवात करा. सावळा चेहरा ओढून ७० वर नेला की तो राखाडी, धुतल्यासारखा दिसतो आणि मागची भिंत जळते. आपल्या माणसांचे रंग असे पुसले जाऊ नयेत. सावळ्या त्वचेला जास्त वॅटची गरज नसते, मोठ्या प्रकाशाची असते: रुंद, मऊ, बाजूने येणारा, ज्याचं प्रतिबिंब गालाच्या हाडावर आणि कपाळावर चमकेल. घाम किंवा तेलामुळे ती चमक टोकाला गेली तर टिश्यूने टिपून घ्या, ॲपर्चरला हात लावू नका.

दोन नटांच्या वर्णात फरक असेल तर उजळ वर्णाच्या नटाला खिडकीपासून दूर बसवा. हे ब्लॉकिंगमध्येच करता येतं, म्हणून चौथ्या पायरीला हेही डोक्यात ठेवा.

फ्रेममध्ये खिडकी असेल तर बाहेर-आत पाच-सहा स्टॉपचा फरक सहज असतो. बाहेरचा भाग सावलीत असेल अशी वेळ निवडा, पडदा ओढा किंवा काचेवर एनडी जेली (प्रकाश कमी करणारी राखाडी पारदर्शक शीट) लावा. आतला चेहरा काळा करून बाहेरचं आकाश वाचवू नका.

सावधान: पावसाळ्यात ढग येतात-जातात. प्रत्येक टेकआधी ग्रे कार्ड पुन्हा मोजा. अर्ध्या स्टॉपपेक्षा जास्त फरक असेल तर थांबा, ढग जाऊ द्या.

## ७. फोकस

एफ १.४ चा (ॲपर्चर खूप उघडं ठेवण्याचा) मोह आवरा. फुल फ्रेमवर ८५ मिमी, एफ १.४, दीड मीटर अंतर: धारदार भाग जेमतेम अडीच सेंटिमीटर. नटाने श्वास घेतला तरी डोळा मऊ होतो. एफ ४ वर हाच भाग सातेक सेंटिमीटर मिळतो. सरावासाठी एफ २.८ ते ४ पुरे. टेप कॅमेऱ्यावरच्या सेन्सरच्या खुणेपासून नटाच्या डोळ्यापर्यंत लावा, प्रत्येक टीसाठी वेगळं अंतर मोजा, रिंगवर चिकटपट्टीने खुणा करा आणि एक पूर्ण रिहर्सल फक्त फोकससाठी घ्या.

## ८. शूटचा क्रम

‘आधी वाइड, मग क्लोज’ हे साधारण बरोबर आहे, पण खिडकीच्या प्रकाशात त्याआधी दुसरा नियम येतो: ज्या शॉटमध्ये खिडकी किंवा तिचं ऊन दिसतं ते सगळे आधी. ऊन सरकल्यावर ते पुन्हा मिळणार नाहीत. क्लोजअपमध्ये खिडकी दिसत नाही, तिथे तोच प्रकाश एलईडी आणि ट्रेसिंग पेपरने उभा करता येतो.

त्यानंतर एका दिशेला बघणारे सगळे शॉट संपवा, मगच कॅमेरा फिरवा. फिरवल्यावर लाइट थोडा बदलावा लागतोच. दुसऱ्या नटाचं पहिल्यासारखंच मोजून घ्या, तेच टक्के, तोच फरक. डोळ्यांची दिशा आणि कॅमेऱ्याची उंची पहिल्या क्लोजअपशी जुळवा.

प्रत्येक शॉटनंतर वहीत लिहा: वेळ, लेन्स, ॲपर्चर, आयएसओ, कॅमेऱ्याची उंची, नटापर्यंतचं अंतर, उजळ आणि काळोख्या बाजूचे आकडे. टाळाटाळ सगळ्यात जास्त इथेच होते, आणि पिकअप (राहिलेले शॉट) घ्यायला पुन्हा यावं लागलं तर हीच वही लागते.

## ९. डेटा

सेकंदाला १०० मेगाबिटवर एक तासाला ४५ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड सव्वा तासाच्या आसपास. कार्डमधलं संपूर्ण फोल्डर जसंच्या तसं उचला, त्यातल्या फक्त क्लिप वेगळ्या काढू नका. दोन ड्राइव्हवर प्रती, दोन्हींवरच्या क्लिप उघडून पाहिलेल्या, आणि मगच कार्ड फॉर्मॅट. दोन्ही ड्राइव्ह एकाच बॅगेत घरी नेऊ नका.

कॅमेरा आणि लेन्स कोरड्या करून हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. एसी गाडीतून दमट हवेत कॅमेरा काढायचा असेल तर बॅग बंद ठेवून अर्धा तास थांबा, नाहीतर काचेवर बाष्प धरतं.

## १०. पाहणी आणि पुढची फेरी

दुसऱ्या दिवशी डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत प्रत्येक शॉटची एक फ्रेम शेजारी शेजारी लावा. आवाज बंद. ग्रेडिंग करू नका, आधी मूळ चित्र बघा. दोन्ही क्लोजअपमध्ये चेहरे वेव्हफॉर्मवर तुम्ही ठरवलेल्या टक्क्यांवर आहेत का? सावली दोन्हींत कॅमेऱ्याकडच्याच बाजूला पडते का? भिंत वाइडमध्ये आणि क्लोजअपमध्ये सारखीच दिसते का? जिथे जुळत नाही तिथे वहीतली वेळ आणि आकडे काढा. कारण बहुधा तिथेच सापडतं: तासाभराचं अंतर, सरकवलेला थर्माकोल, मध्येच बदललेला आयएसओ.

मग तोच प्रसंग, त्याच नटांसह, पुन्हा. पहिली फेरी फक्त खिडकी आणि थर्माकोलवर. दुसरी खिडकी आणि एका एलईडीवर. तिसरी फेरी अंधार पडल्यावर: खिडकीबाहेर एलईडी लावून दुपार उभी करा आणि पहिल्या फेरीतला एक क्लोजअप तिच्यासोबत जोडून बघा. वर्गमित्रांना दोन्ही शॉट सलग दाखवा आणि कोणता खऱ्या उन्हात घेतला ते विचारा. ओळखलं, तर त्यांना नेमकं कशावरून कळलं ते लिहून घ्या आणि चौथ्या फेरीत तेवढंच दुरुस्त करा.